धुक्यातून पहिला तू ये

आमच्या घरात पंख्याला बंदी होती. अंगाला घामाच्या धारा लागल्या तरी पंखा नाही, खिडकी नाही, आणि कोणी शिंकलं तर माझा नवरा त्याच्याकडे असा बघायचा, जणू त्याने उकळत्या दुधात लिंबू पिळलंय. कारण मागच्या खोलीत धुकं चालू असायचं आणि धुक्याला वारा चालत नाही. नुसतं दार उघडलं तरी ते वेडंवाकडं होतं आणि त्याच्यावरचं चित्र फाटतं.

धुक्यावर चित्र म्हणजे काय, ते आधी सांगते. छताला एक लांब पेटी टांगायची, तिच्यातून पाण्याचं धुकं पडद्यासारखं खाली सोडायचं आणि त्याच्या मागून, उंचावरून, प्रोजेक्टरचा प्रकाश टाकायचा. समोर बसलेल्यांना हवेत माणूस उभा दिसतो. त्याच्या आरपार हात जातो. चालत गेलं तर आपणही जातो, आणि आपण बाहेर पडलो की धुकं मागे पुन्हा मिटतं. जगात आधी कोणी केलं असेल तर असेल, पण आमच्या घरात ते माझ्या नवऱ्याने स्वतःच्या डोक्याने केलं. हे मी ठासून सांगते आहे, कारण पुढचं सगळं रामायण ह्याच एका वाक्यावरून झालं.

धुकं करणं सोपं आहे, त्याला सरळ चालवणं अवघड. ते आपलं शाळा सुटल्यासारखं कुठेही पळतं. नवऱ्याने नाना प्रकार केले. जाळ्या लावल्या, फडकी लावली, माझी पुरणाची नव्हे पण पिठाची चाळणी कायमची कामातून घालवली. शेवटी एकदा सरबत पिता पिता तो नळीकडे बघत बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात सरबताच्या नळ्यांचे गठ्ठे यायला लागले. त्या सगळ्या एकीला एक चिकटवून, उभ्या, पेटीच्या तळाशी ठासून बसवायच्या. धुकं प्रत्येक नळीतून उतरलं की मुकाट्याने सरळ खाली येतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची खात्रीच पटली होती की आम्ही सरबताची गाडी टाकणार. "वहिनी, गाडी कुठे लावताय ते सांगा हो," असं तो मला रोज विचारायचा.

तेव्हा आम्ही सगळे एकत्र राहत होतो. सासूबाई, माझे मोठे दीर, जाऊबाई आणि आम्ही दोघं. दिरांना सगळे दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणते. मनातल्या मनात काय म्हणते ते इथे लिहीत नाही. दादांना ह्या उद्योगाचं कौतुक नव्हतं. ते माझ्या नवऱ्याला 'नळीबहाद्दर' म्हणायचे. नळाच्या पाण्याच्या धुक्याने घरभर क्षारांची बारीक पांढरी भुकटी बसायची, आणि जाऊबाई आपल्या काळ्या कपाटावरून बोट फिरवून ते बोट मला दाखवायच्या. बोट दाखवायच्या आणि जायच्या.

आणि मग एका रविवारी दुपारी धुकं टिकलं. सरळ, गुळगुळीत, जमिनीपर्यंत. मी फोन उघडून व्हिडिओ घ्यायला लागले. त्यात माझा नवरा धुक्यासमोर उभा आहे, केस ओले, चष्म्यावर दव, आणि तोंडभर हसतो आहे. माझ्या पाठीमागे दारात दादा येऊन उभे राहिले होते. त्याने हात पुढे करून त्यांना हाक मारली. ते सगळं त्या व्हिडिओत आहे. तो व्हिडिओ मी कधी पुसला नाही. फोन बदलले, घर बदललं, तो माझ्याबरोबर आला.

धंदा उभा केला दादांनी, हे मी नाकारत नाही. त्यांची जीभ अशी की वाळवंटात रेनकोट विकून येतील. दुकानांची उद्घाटनं, कंपन्यांचे समारंभ, मोठमोठे लोक, सगळं त्यांनी आणलं. नवरा पेट्या बांधायचा, मी प्रोजेक्टर आणि फिल्म सांभाळायला शिकले. हळूहळू आमच्या कामाची एक रीत पडली. आमच्या समारंभात फीत कापत नाहीत. मुख्य पाहुणा धुक्याच्या मागे उभा राहतो, फिल्म संपत आली की त्यातून चालत बाहेर येतो आणि लोक टाळ्या वाजवतात. ह्याला आम्ही 'धुकं फोडणं' म्हणतो.

तालमीला पाहुण्याच्या जागी नेहमी माझा नवरा चालायचा. दादा पुढच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसायचे आणि "अजून उजेड, अजून उजेड" करायचे. त्यामुळे इतकी वर्षं ह्या धंद्यात काढून दादा धुक्याच्या मागे कधी उभेच राहिले नव्हते. त्यांना धुकं समोरूनच माहीत. मागून मात्र काही दिसत नाही. प्रकाश पुढे निघून जातो, चित्र पुढच्यांसाठी असतं. मागच्याला नुसतं पांढुरकं, हलतं काहीतरी. म्हणून पाहुण्यासाठी मागे एक छोटा स्क्रीन ठेवतो, म्हणजे पुढे काय चाललंय ते त्याला कळतं. "पलीकडे फक्त ओलावा असतो," असं माझा नवरा म्हणायचा.

तो गेला. साध्या तापाचं निमित्त झालं आणि माणूस हातचा गेला. दादा तेव्हा रडले. खरंच रडले, खोटं कशाला बोलू. सासूबाईंना धरून ओक्साबोक्शी रडले. मला वाटलं होतं, ह्या माणसाला आपल्या पाठीवर कोण होतं ते आता कळलं. मी इतकी वर्षं ह्या घरात काढूनही अशी भोळी.

मग आमचं स्वतःचं सभागृह बांधून झालं. त्याच्या उद्घाटनाला दादा स्वतःच धुकं फोडणार होते, आणि त्याआधी 'धुक्याची गोष्ट' म्हणून एक फिल्म दाखवायची होती. फिल्म त्यांनी बाहेरून करून घेतली आणि चालवून बघायला माझ्याकडे पाठवली. मी नेहमीसारखी हेडफोन लावून बसले.

फिल्म चांगली होती. नळ्यांचे गठ्ठे होते, पेटी होती, नळ्या बसवणारे हात होते. ते हात मी लगेच ओळखले. डाव्या अंगठ्याचं नख वाकडं, करवत लागून फुटलं होतं आणि तसंच वाढलं होतं. माझ्या नवऱ्याचे हात. तो काम करताना मी कधीतरी सहज टिपलेले तुकडे मी दादांना दिले होते, त्यातलेच हे. हात नळी बसवतात, दाबतात, पुढची घेतात. आणि मग कॅमेरा वर जातो, आणि वर चेहरा दादांचा. कपाळाला आठी, चष्मा नाकावर, एकदम शास्त्रज्ञ. नव्याने काढून मध्ये जोडलेलं. मागे आवाज सांगतो, की एका माणसाने एकट्याने, घरच्या एका खोलीत हे स्वप्न पाहिलं.

हात त्याचे आणि तोंड ह्यांचं. मी ती फिल्म शेवटपर्यंत पाहिली आणि परत पाहिली. कुठेही, एका कोपऱ्यातसुद्धा, माझा नवरा नव्हता. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात ना, ती कशी जाते ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. सावकाश जाते, गुडघ्यात थांबते, पोटात थांबते, आणि मग वर पोचली की डोकं एकदम शांत होतं.

तरी मी आधी विचारायला गेले. दादांच्या खोलीत ते नवीन टायांचा डबा उघडून बसले होते.

"फिल्म पाहिली," मी म्हटलं.

"कशी झालीय? उजेड बरोबर आहे ना?"

"त्यात तो नाहीये."

त्यांनी टाय खाली ठेवला. कोण, असं मात्र विचारलं नाही. "हे बघ, तुझं मला कळतं. पण लोकांना एकच चेहरा लक्षात राहतो. दोन दाखवले की गोंधळ होतो."

"मग त्याचा दाखवा."

दादा हसले. लहान मुलाने काही गमतीचं विचारलं की हसतात तसे. "अगं, जो गेला त्याच्याशी लोक करार करायला येणार आहेत का? मला दुःख नाही का? माझा पाठचा भाऊ होता तो. पण धंदा म्हटला की मन घट्ट करावं लागतं."

"हात त्याचे घेतलेत ना पण. ते बरे चालले."

"हातांना कोण ओळखतंय?" दादा म्हणाले आणि निळा टाय गळ्याशी धरून आरशात बघायला लागले. "आणि हे बघ, आईजवळ काही काढू नकोस. उगाच रडत बसेल. हा चांगला दिसतो की लाल?"

"लाल," मी म्हटलं, आणि बाहेर आले.

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिले. पण हे पीठ दळणाऱ्याचेच हात वापरून ओढत होते. भांडण करून काही होणार नव्हतं. भांडणात दादा जिंकतात, कारण बोलणं हा त्यांचा धंदा. चित्र हा माझा. मी ठरवलं की माझा नवरा त्या दिवशी त्या सभागृहात असेल, सगळ्यांसमोर, डोक्यापासून पायापर्यंत. आणि दादा ज्याला फिल्ममधून काढून बसले होते, त्याच्यातूनच त्यांना चालत यावं लागेल.

सासूबाईंचा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि बाजूला ठेवला. राग आला की मी अशीच आहे.

तालमीच्या दिवशी दादांच्या जागी मी चालले. मागे उभी राहिले तेव्हा समोर नुसतं पांढुरकं हलत होतं, आणि पुढून दादांचा आवाज येत होता, "अजून उजेड!" मी बाहेर आले. धुकं अंगाला लागतं तेव्हा थंड असतं, भिजवत नाही फारसं, पण कपड्यांवर बारीक थेंब बसतात.

"मागे तुमच्यासाठी छोटा स्क्रीन लावू का?" मी विचारलं. "तुम्हाला कळेल पुढे काय दिसतंय ते."

हे मी मनापासून विचारलं. त्यांनी हो म्हटलं असतं तर माझा बेत तिथेच बारगळला असता.

"मला कशाला? मला माझाच चेहरा बघायचाय का?" दादा म्हणाले. "फिल्म मला पाठ आहे. संगीत थांबलं की मी येणार."

"बरं. आणि धुकं एका बाजूने थोडं कमी करते. मागे जायला वाट राहील."

"वाट कशाला? फाटका पडदा दिसेल. भिंतीपासून भिंतीपर्यंत हवं." त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. "सगळं धुकंच धुकं. आणि मध्ये मी."

मी मान डोलावली. माणूस स्वतःच्या हाताने खड्डा खणत असेल तर फावडं कशाला काढून घ्या?

उद्घाटनाच्या दिवशी सभागृह भरून गेलं. पुढच्या रांगेत मध्यभागी सासूबाई, त्यांच्या शेजारी जाऊबाई, आणि मग धंद्यातले, पेपरातले, वजनदार लोक. माझं टेबल शेवटच्या रांगेच्या मागे. तिथून मला सगळ्यांची डोकी दिसत होती आणि समोर धुकं. दारावर आमची नेहमीची पाटी होती, की धुकं चालू असताना दार उघडू नये. गार हवेचं यंत्रही मी बंद केलं. लोक कार्यक्रमाच्या कागदाने वारा घ्यायला लागले, तेव्हा जाऊबाई मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, "वारा नको हं, चित्र हलतं." इतकी वर्षं झाली, पण हे त्यांना नीट पाठ होतं.

दिवे गेले. संगीत सुरू झालं, मागचा सांगणारा आवाजही. ते सगळं दादांच्या फिल्मचंच होतं, मी त्याला हात लावला नव्हता, कारण दादा मागे उभे राहून तेच ऐकत होते. सुरुवातीचं चित्रही तसंच ठेवलं. नळ्यांचे गठ्ठे आले. पेटी आली. मग हात आले, वाकड्या नखाचे, आणि धुक्यात ते हात इतके मोठे आणि इतके जवळ दिसले की मी क्षणभर डोळे मिटले.

मग चेहरा यायची वेळ झाली, आणि मी माझा व्हिडिओ सोडला.

माझा नवरा धुक्यात उभा राहिला. खराखुरा, त्याच्या उंचीएवढा, ओल्या केसांचा, चष्म्यावर दव आलेला. तो हसत होता आणि त्याने हात पुढे केला होता. व्हिडिओचा आवाज मी बंद ठेवला होता, वरून फिल्ममधला आवाज एका माणसाचं स्वप्न सांगत होता. पुढच्या रांगेत काहीतरी पडलं, बहुधा सासूबाईंची काठी. धंद्यातल्या पुष्कळ जुन्या लोकांनी त्याला पाहिलेलं होतं. त्यांच्या माना एकमेकांकडे वळल्या.

पलीकडे दादांना काय ऐकू आलं असेल? फिल्मचा आवाज, आणि लोकांची नुसती शांतता. त्यांना वाटलं असेल, लोक भारावले. संगीत थांबलं.

आधी त्यांची सावली आली. माझ्या नवऱ्याच्या पायांवर पडली, मग गुडघ्यांवर, मग पोटावर. आणि मग त्याच्या छातीतून, बरोबर त्याच्या छातीतून, दादा बाहेर आले. लाल टाय, हात जोडलेले, तोंडभर हसू. धुकं त्यांच्या मागे मिटलं आणि माझा नवरा पुन्हा सगळा झाला, पण दादा त्याच्यापुढे उभे होते.

टाळ्या वाजल्या नाहीत. दादांनी जोडलेले हात तसेच उजवीकडे फिरवले, डावीकडे फिरवले. हसू हळूहळू गालांवर वाळायला लागलं. मला ते सगळं दिसत होतं आणि मला बरं वाटत होतं. लाज कसली? मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांना काठीशिवाय चालता येत नाही, पण त्या काठी न उचलताच पुढे गेल्या, खुर्चीच्या हाताला धरत, मग कशालाच न धरता. दादा त्यांना धरायला पुढे झाले. "काय झालं, आई?"

"बाजूला हो," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण..."

"मध्ये उभा आहेस. तो दिसत नाहीये मला. बाजूला हो."

हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. दादांना कळेना. ते वळले. आता ते पुढच्या बाजूला होते, आणि पुढून सगळं दिसतं. त्यांनी वर पाहिलं. त्यांचा भाऊ त्यांच्याकडे बघून हसत होता, हात पुढे करून.

दादांचा चेहरा मला त्या वेळी दिसला नाही, पाठ दिसली. पाठीवरून जे कळायचं ते कळलं. खांदे एकदम खाली आले, जणू कोणी आतला हँगर काढून घेतला.

सासूबाई लोकांकडे वळल्या. त्या आयुष्यात कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. "हा माझा धाकटा," त्या म्हणाल्या. "हे सगळं त्याने केलं. मागच्या खोलीत. मला पंखा लावू द्यायचा नाही." आणि त्यांनी धुक्यात हात घातला, त्याच्या हाताच्या जागी.

जाऊबाई ताडकन उठल्या आणि दाराकडे निघाल्या. दार उघडलं की वारा येणार आणि चित्र फाटणार, हे त्यांना ठाऊक होतं. मी टेबलामागून अर्धवट उठले. पण सासूबाईंनी मागे न बघताच म्हटलं, "तू बस खाली." जाऊबाई होत्या तिथे, वाटेतल्या एका परक्या माणसाच्या शेजारी, बसल्या.

माझं काम अजून संपलं नव्हतं. मी व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला, संपला की पुन्हा सुरू होईल असा, आणि आवाजाची कळ सावकाश वर नेली.

आधी माझाच आवाज आला, तरुण आणि चिरका: "टिकलं! अहो बघा, टिकलं!" मग त्याचा. किती दिवसांनी मी तो मोठ्या आवाजात ऐकत होते.

"दादा, ये ना. पहिला तू ये ह्याच्यातून."

आणि दादांचा जुना आवाज, दारातून आलेला, कंटाळलेला: "कपडे भिजतील रे माझे. मला बाहेर जायचंय. तूच भिज."

"बरं," माझा नवरा म्हणतो, "नंतर ये." पण हात लगेच खाली घेत नाही. थोडा वेळ तसाच धरून ठेवतो, कदाचित दादा परत वळतील म्हणून. मी फोन धरून तिथेच उभी होते, मला माहीत आहे. दादा वळले नव्हते.

व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. टिकलं, बघा टिकलं. दादा, ये ना. पहिला तू ये.

"बंद कर," दादा म्हणाले. मग जोरात, "बंद कर ते!"

मी ऐकलं. बहिरी नाही मी. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले. सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं, मग पुन्हा दादांकडे. दादांना आता लपायचं होतं. ते उजवीकडे गेले, तिथे भिंतीपर्यंत धुकं. डावीकडे गेले, तिथेही. वाट त्यांनीच ठेवू दिली नव्हती. दार एकच, तेही लोकांच्या मागे, आणि तिथे जायचं तर पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरून, आणि शेवटी माझ्यासमोरून जायला हवं होतं. कपडे भिजतील रे माझे. तूच भिज. बरं, नंतर ये.

मग त्यांनी काय केलं? ते त्याच्याकडेच गेले. मान खाली घालून, हात चेहऱ्यापुढे धरून धुक्यात शिरले. क्षणभर त्यांच्या डोक्याभोवतीच्या धुक्यात माझ्या नवऱ्याचा चेहरा उमटला, चष्मा, हसू, सगळं, आणि मग ते पलीकडे निघून गेले.

पलीकडे कोणी नसतं. पलीकडे फक्त ओलावा असतो. समोर त्यांचा भाऊ हात पुढे करून त्यांना बोलावत होता आणि त्यांना नुसता त्याचा आवाज येत होता.

"दादा, ये ना. पहिला तू ये."

आम्ही सगळे बघत होतो. थोड्या वेळाने धुक्यात खाली, माझ्या नवऱ्याच्या पायांशी, सावली आली. दादा वळून परत पडद्याजवळ आले होते. सावली घोट्यापर्यंत चढली आणि तिथे थांबली.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांचा हात अजून धुक्यातच होता आणि मनगटावरून पाणी ओघळत होतं.

"ये रे," त्या म्हणाल्या. "कपडे वाळतात."

सावली हलली नाही. लोकांमधून कोणीतरी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालं, "पुरे झालं हो आता. बंद करा."

मी बंद केलं नाही. हात पुढे करून थांबलेल्या माणसाला दादांनी एकदा पाठ दाखवली होती. आता यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, आणि तोवर उभं राहावं. माझा नवरा उभा होता तसं.